लेसर की कडक लेन्स?
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात भाच्याचा नंबर वर्षात दुसऱ्यांदा बदलला, तेव्हाच शंका यायला हवी होती. पोरगं डोळे फार चोळायचं. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या (बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या) आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत, केराटोकोनस निघाला. यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो.

त्याला लेसरच हवं होतं, लग्नाआधी चष्मा घालवायचा म्हणून. पण लेसर कॉर्निया तासून पातळ करतं. निरोगी कॉर्निया मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त जाड. लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत त्यातला शंभरेक मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि त्याखाली तासतात. याचा आधीच पातळ, पुढे आलेला. तासला तर आणखी फुगायची भीती, आणि तासलेलं परत भरून येत नाही.

कडक कॉन्टॅक्ट लेन्स काहीच कापत नाही. सुरुवातीला खुपते, रंकाळ्यावर गाडीवरून जाताना धूळ गेली की डोळ्यातून पाणीच काढते. पण नजर स्वच्छ देते. आजार मात्र ती थांबवत नाही. तो वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करणारा उपचार, वेगळं करावं लागतं.