किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी खड्यांची कर्णभूषणे: कुडी, कुंदन, पिरोजा की अकीक?

रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागला राहून खड्यांची हाताने घडवलेली कर्णभूषणे घ्यायची ठरवली, की निवड बहुधा खड्याच्या रंगापासून सुरू होते. माझ्या मते ती कोंदणापासून सुरू व्हावी. समुद्राची दमट व खारी हवा, घाम आणि केसांना लावलेले खोबरेल तेल यांचा त्रास खड्याला होतोच, पण त्याला धरून ठेवणाऱ्या लाखेला, वर्खाला आणि धातूला तो अनेकदा अधिक होतो. हा निकष लावला तर महाराष्ट्राची मोत्याची कुडी, जयपूरचे कुंदनकाम, अमेरिकेतील झुनी या मूलनिवासी जमातीच्या कारागिरांचे पिरोजाकाम आणि गुजरातेतील खंभातचा अकीक (अगेट) यांचा क्रम दुकानातल्या झगमगाटात वाटतो त्यापेक्षा बराच वेगळा लागतो.

जयपूरचे कुंदन पहिल्या नजरेतच मन जिंकते. सोन्याच्या घरात लाख भरून त्यावर चमकदार वर्ख ठेवतात, वर खडा बसवतात आणि जवळपास शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या टोकदार हत्याराने खड्याभोवती दाबत जातात. सोने इतके मऊ असते की डाख न देताही त्याची एकसंध कडा तयार होते. झुमका उलटा करून पाहिला, तर मागच्या, कोणालाही न दिसणाऱ्या बाजूवरही लाल-हिरव्या मीन्याची, म्हणजे भाजून बसवलेल्या रंगीत काचेच्या लेपाची, फुले काढलेली असतात. या कारागिरीबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही किनाऱ्यावर रोज वापरण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही. माणिकाची कठीणता मोहस मापावर (खनिजांची कठीणता 1 ते 10 अशी मोजणारे माप) 9 आणि पाचूची 7.5 ते 8 असली, तरी कडेतून आत शिरलेला घाम खड्याला हात न लावता त्याच्या खालचा वर्ख काळवंडून टाकतो आणि मग तोच पाणीदार खडा मातकट दिसू लागतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लाखही मऊ पडते. शिवाय कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे) आणि जडाऊ (खडे जडवलेल्या) दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. म्हणून सोन्याचे, लाखेचे आणि खड्यांचे वजन बिलावर वेगवेगळे लिहून घेणे अत्यावश्यक ठरते.

कुडीची गोष्ट वेगळी आहे. मोती अवघा 2.5 ते 4.5 कठीणतेचा, म्हणजे या चौघांत सर्वांत नाजूक. पण अस्सल घडणीच्या कुडीत प्रत्येक मोती आरपार विंधून सोन्याच्या तारेत ओवलेला असतो, त्यामुळे ओल धरून बिघडेल असे त्याच्या मागे काही नसते. मोत्याला दमट हवेचा त्रास होत नाही, उलट फार कोरड्या जागी वर्षानुवर्षे ठेवल्यास त्याला तडे जाऊ शकतात. त्याचे खरे शत्रू घामातील आम्ल आणि अत्तर. म्हणून कुड्या सर्वांत शेवटी घालाव्यात, आधी काढाव्यात आणि मऊ सुती कापडाने पुसून ठेवाव्यात. सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्क केलेल्या प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा. मात्र 2 ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, हे लक्षात असू द्यावे.

झुनी कारागिरांच्या कामात अरुंद, सुईसारख्या टोकदार पिरोजांच्या ओळी असतात आणि प्रत्येक कणाला चांदीचे दातेरी कडे स्वतंत्रपणे बसवलेले असते. कोंदण म्हणून हे काम उत्तम आहे, अडचण खड्याची आहे. पिरोजा 5 ते 6 कठीणतेचा आणि सच्छिद्र असतो. कानामागच्या केसांतले खोबरेल तो शोषून घेतो आणि त्याची निळाई हळूहळू हिरवटपणाकडे झुकते. आपल्याकडच्या रोज तेल लावण्याच्या सवयीशी त्याचे जमणे कठीण. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानुसार तेथील मूलनिवासींनी न घडवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा आहे, पण आपल्या बाजारात त्या नावाने रंगवलेला हाउलाइट (एक पांढरा, स्वस्त दगड) खपवला जाऊ शकतो. नेपाळमधील पाटणच्या नेवार कारागिरांच्या पिरोजा-पोवळ्याच्या कामालाही तेलाची हीच अडचण लागू होते.

रोजच्या वापरासाठी माझा कौल खंभातच्या अकिकाला आहे. 6.5 ते 7 कठीणतेचा हा दगड भट्टीत तापवून लालसर केला जातो, त्यामुळे तो रंग घामाने किंवा तेलाने उतरत नाही. विंधलेला मणी तारेला लोंबत असल्याने लाखही नाही आणि वर्खही नाही. सोबतची 92.5 टक्के चांदी दमट हवेत लवकर काळी पडेल, कारण उरलेला भाग बहुधा तांब्याचा असतो, पण ती कापडाने घासून पुन्हा उजळता येते. किंमतही इतरांच्या तुलनेत आवाक्यातली असते.

दुरुस्तीचा विचारही खरेदीपूर्वीच करावा. कुडीची तार तुटली किंवा फिरकी सैल झाली, तर चिपळूण-कुडाळचा सोनार ती नीट करून देऊ शकतो, अकिकाचा मणी तर सहज पुन्हा ओवता येतो. कुंदनाचा वर्ख बदलायला मात्र ते काम जाणणाराच कारागीर लागतो, आणि झुनी कामातला एखादा कण निखळला तर त्या मापाचा पिरोजा येथे घासून मिळणे जवळपास अशक्य. म्हणून लग्नासाठी कुंदन घ्यायचेच असेल, तर वर्ख काळा पडल्यास तो कोण आणि किती दिवसांत बदलून देईल, हे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे.