भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर : ख्यालाच्या कसोटीवर दोन कीर्ती

ख्यालगायन, म्हणजे हिंदुस्थानी रागसंगीतातला मुख्य गायनप्रकार, मन लावून ऐकू लागलेल्या श्रोत्याला पहिले नाव सुचवले जाते ते बहुधा भीमसेन जोशी यांचे. पुढे कोणीतरी जाणकार त्याला मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला सांगतो. दोघेही आजच्या उत्तर कर्नाटकातले, एक गदगचे आणि दुसरे धारवाडजवळच्या मन्सूरचे, आणि दोघांनाही महाराष्ट्राने आपले मानले. एकाला अमाप लोकप्रियता लाभली आणि दुसऱ्याला मुख्यतः रसिकांची मान्यता. ही वाटणी ख्यालापुरती न्याय्य आहे का, एवढेच येथे पाहायचे आहे.

जोशींच्या कीर्तीचा मोठा भाग ख्यालाबाहेरचा आहे, हे मान्य केले पाहिजे. संतवाणीने त्यांना घराघरांत नेले, १९८८ मध्ये ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ने देशभर पोहोचवले आणि २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले. पण हे सारे बाजूला ठेवून त्यांचा शुद्ध कल्याण ऐकावा. या रागाचा आरोह (स्वरांची चढती मांडणी) भूप या रागासारखा पाच स्वरांचा असतो. अवरोहात (उतरत्या मांडणीत) मात्र षड्जावरून धैवताकडे येताना निषाद आणि पंचमावरून गांधाराकडे येताना तीव्र मध्यम मींडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, ओघात दाखवायचा असतो. हे स्वर सुटे लावले तर राग विस्कटतो आणि पुरते झाकले तर भूप कानाशी येतो. विलंबित एकतालाच्या (बारा मात्रांच्या तालाच्या) संथ आवर्तनात जोशी ही मींड ज्या दमसासाने आणि स्वराचा लगाव यत्किंचितही न ढळू देता घेतात, ते किराणा घराण्याच्या स्वरसाधनेचे सार आहे. गुरू सवाई गंधर्वांकडून मिळालेल्या या आलापीला, म्हणजे संथ स्वरविस्ताराला, त्यांनी दाणेदार, जोरकस तानेची (वेगवान स्वरमालिकेची) जोड दिली, आणि माझ्या मते त्यांचे ख्यालातले स्थान या जोडीवरच उभे आहे.

त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप निराधार नाही. पुरिया धनाश्री, मुलतानी, मियाँ की तोडी अशा निवडक रागांत ते वर्षानुवर्षे रमले आणि अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांकडे फारसे वळले नाहीत. शब्दांची स्पष्टताही पुष्कळदा स्वराच्या आवेगात हरवते.

रागांच्या या व्याप्तीत मन्सूर सरळ पुढे आहेत. ग्वाल्हेर घराण्याची तालीम झाल्यावर जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचे पुत्र मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून त्यांनी त्या घराण्याची गायकी आत्मसात केली. एक निषाद बिहागडा, शिवमत भैरव, खट असे राग ते यमन गावा इतक्या सहजतेने गात. त्यांचा बसंती केदार मुद्दाम ऐकावा : बसंत आणि केदार या भिन्न प्रकृतीच्या रागांतले संक्रमण इतक्या बेमालूमपणे होते की सांधा कानाला सापडत नाही. येथे लय फार संथ नसते. आलाप, बोल (बंदिशीचे शब्द) आणि ताना बंदिशीच्या, म्हणजे तालात बांधलेल्या रचनेच्या, आवर्तनात गुंफल्या जातात, आणि लांबलचक, वळणे घेणारी तान अनपेक्षित जागेवरून सुटूनही समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) अचूक येते. ही बुद्धिमत्ता रुक्ष नाही, कारण गाण्यात सतत आर्जव असते. आवाजाला मात्र जोशींची घनता नाही, आणि एकेका स्वरावर थांबून राग उलगडावा अशी ज्याची अपेक्षा असेल, त्याला हे गाणे दाटीवाटीचे वाटेल. पद्मविभूषण त्यांना १९९२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी मिळाले. हा सन्मान बराच आधी मिळायला हवा होता.

म्हणून जोशींची कीर्ती मी अवाजवी मानत नाही. मन्सूरांची लोकमान्यता मात्र त्यांच्या योग्यतेच्या मानाने फार थोडी आहे. ज्याचा कान अजून राग ओळखायला शिकतो आहे, त्याने जोशींपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या संथ बढतीत, म्हणजे रागाच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या विस्तारात, रागाचे रूप स्पष्ट उमटते आणि त्यांनी गायलेले बहुतेक राग इतरांकडूनही ऐकायला मिळतात. ज्याला वीस-पंचवीस राग सहज ओळखू येतात आणि बढतीचा क्रम आधीच कळू लागल्यामुळे ऐकण्यातली उत्सुकता कमी होत आहे, त्याने आता मन्सूर ऐकावेत. गायन शिकणाऱ्याने स्वर लावण्यासाठी जोशींकडे आणि बंदिश भरण्यासाठी मन्सूरांकडे पाहावे. फक्त मन्सूरांची तान गळ्यावर घेण्याची घाई करू नये, कारण तिच्यामागची लयीची बैठक पक्की नसेल तर हाती केवळ गुंतागुंत उरते.