जुना गार्डन ट्रॅक्टर: कब कॅडेट की जॉन डिअर ११०?

अमेरिकेत जुना गार्डन ट्रॅक्टर, म्हणजे घरच्या बागेच्या कामांचा छोटा ट्रॅक्टर, घ्यायचा म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात: इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १०० आणि जॉन डिअर ११०. दोन्ही १९६३ चे. इंजिनही दोन्हींत कोहलरचंच, के मालिकेतलं, एका सिलिंडरचं. त्यामुळे पॉइंट्समधली (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधली) फट ०.०२० इंच ठेवायची, हे पथ्य दोघांनाही.

खरा फरक आहे तो ताकद मागच्या चाकांपर्यंत कशी पोचते त्यात. कबमध्ये क्लच आणि पोलादी शाफ्ट. ११० मध्ये पट्टे, आणि मधे सरकत्या पुलीचा व्हेरिएटर. झाडांभोवती गवत कापताना गिअर न बदलता वेग कमीजास्त करता येतो, हे सुख कबमध्ये नाही. पण व्हेरिएटरला ग्रीस दाखवलं नाही तर पुली अडकते आणि पट्टा बिचारा जळतो. कबचा शाफ्ट वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. फक्त मागच्या कपलरची, म्हणजे शाफ्टच्या मागच्या जोडाची, रोल पिन (आरपार ठोकलेली खीळ) हलवून बघा. ती सैल झाली की भोक लांबट होतं आणि क्लच सोडताना खट्‌ असा आवाज येतो.

बर्फ फेकणारं यंत्र कबला झटकन लागतं, कारण पीटीओची (जोडलेली अवजारं फिरवायला इंजिनाची ताकद देणारी) पुली इंजिनाच्या पुढच्या तोंडाशीच आहे. गवताचं डेक, म्हणजे पोटाखालचं कापणीयंत्र, लावताना मात्र पट्टा वळवायला पुढे जादा पुल्या बसवाव्या लागतात, आणि तो चढवताना बोटं सोलतात ती सोलतातच.

नांगर ओढायचा असेल तर मी डोळे मिटून कब घेईन.