माथेरान की महाबळेश्वर? खुर्चीवरून ठरवताना

व्हीलचेअर घेऊन डोंगरावर जायचं म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्या माणसाला आधी ही दोनच नावं आठवतात. मी दोन्हीकडे राहून आले. हाताने ढकलायची, घडी होणारी साधी खुर्ची आणि सोबत धाकटा भाऊ. ‘कुठलं बरं?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दिवसातून किती वेळा कुणी उचललेलं चालेल? काखेत हात घालणारा माणूस अनोळखी असला की अंग आपोआप आखडतं. आणि उचलणाऱ्याची पाठ धरली तर सहल तिथेच आटोपते. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी उचलणी मोजते.

महाबळेश्वरचा हिशोब सोपा आहे. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. वाई सोडली की पसरणीचा घाट, मग पाचगणी आणि पुढे गाडी थेट हॉटेलच्या दारात. घरी एकदा गाडीत बसायचं, तिथे एकदा उतरायचं. बरेचसे पॉइंटही गाडीरस्त्यावर आहेत. विल्सन पॉइंट हा तिथला सगळ्यात उंच, १,४०० मीटरच्याही वर, आणि गाडी तिथपर्यंत जाते. बुरुजांना पायऱ्या आहेत, त्या सोडून द्या. उजाडताना पूर्वेचं आभाळ खालच्या मोकळ्या जागेतूनही दिसतं. फक्त गर्दीच्या आधी पोचा, कारण उभ्या माणसांच्या भिंतीमागे बसून सूर्योदय दिसत नाही. संध्याकाळी बॉम्बे पॉइंटला हाच नियम. आर्थर सीट आणि लिंगमळा धबधबा मी सोडून दिले. तिथे पायऱ्या आणि उतरणी आहेत, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं.

क्षेत्र महाबळेश्वरला मात्र मी आपणहून उचलून घेतलं. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्रीचं पाणी गोमुखातून पडतं, त्याखाली मला हात धरायचा होता. पायऱ्या आहेत, उंबरठा आहे, दगड ओला असतो. भावाने आणि गाडीच्या चालकाने मिळून नेलं. ते एक उचलणं मला जड गेलं नाही, कारण ते मी निवडलं होतं.

तरीही तीन दिवसांनी वाटलं, की आपण महाबळेश्वर बहुतेक काचेतून पाहिलं. बाजारात, डॉ. साबणे रस्त्यावर, सुट्टीच्या दिवशी खुर्ची पुढे सरकत नाही आणि लोकांच्या पिशव्या तोंडाशी येतात. पाचगणीच्या टेबललँडवर थोडा मोकळा श्वास घेतला. डोंगरमाथ्यावर इतकी विस्तीर्ण सपाटी क्वचित मिळते. पण जमीन जांभ्याची, खडबडीत. पुढची छोटी चाकं अडकतात आणि माणूस तोंडावर पडायला वेळ लागत नाही.

माथेरानला सगळं उलटं. तिथे मोटारींना बंदी आहे. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि बाजार तिथून जवळजवळ तीन किलोमीटर पुढे. लोकलने आलात तर उचलणी आणखी वाढतात. दिव्यांगांचा डबा आहे, पण फलाट आणि डब्यातलं अंतर तसंच. मग पायथ्याच्या नेरळ स्थानकाहून दस्तुरीपर्यंत टॅक्सी, मग पुढचं वाहन. खोली गाठेपर्यंत तीन वेळा चढ-उतार. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून मिनी ट्रेनची शटल मिळते. १९०७ पासूनचा हा मार्ग अवघ्या दोन फुटी रुळांचा आहे; डबा चिमुकला, दार अरुंद, खुर्ची घडी करून तुम्हाला आत उचलूनच ठेवावं लागतं. नेरळपासूनचा २१ किलोमीटरचा पूर्ण प्रवास देखणा आहे, पण कंबरेत तोल राहत नसेल तर वळणावळणाला कुणीतरी धरून बसायला हवं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते.

हातरिक्षेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. खुर्चीवरच्या माणसाला वर्षानुवर्षं तोच एक सोयीचा मार्ग होता. पहिल्या वेळी मीही तिच्यात बसले. पुढे ओढणाऱ्याची घामाने भिजलेली पाठ, मागे ढकलणाऱ्याचा धापा टाकलेला श्वास, आणि मी मधे. मला माझा भाऊ ढकलतो तेव्हा आम्ही बोलत असतो. तिथे मला तोंडातून शब्द काढता आला नाही. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. मला मनापासून बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला ई-रिक्षेने गेले. एकदाच बसायचं, घडी केलेली खुर्ची शेजारी. रांग लागते, सकाळी लवकर पोचा.

त्याच आदेशात दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी आहे, आतल्या रस्त्यांवर नाही. म्हणजे बहुतेक पॉइंटच्या वाटा लाल मातीच्या, दगडांच्या, मुळांच्याच राहणार. झाडांसाठी हे मला पटतं आणि खुर्चीवर बसल्यावर तेच मला अडवतं. मातीत खुर्ची पुढे ढकलू नका. मागच्या चाकांवर कलवून उलटी ओढा. तीव्र उतारावरही ढकलणाऱ्याने खाली पाठ करून, मागे बघत, खुर्ची आपल्या अंगावर घेत उतरावं. यासाठी दोन धडधाकट सोबती हवेत.

एवढं सोसून मिळतं काय? सकाळी सातला पेव्हरच्या रस्त्यावर मी भर मधोमध होते. हॉर्न नाही, मागून येणारी मोटारसायकल नाही. घोड्याच्या टापा लांबूनच कळतात, तेवढ्यापुरतं कडेला व्हायचं. भावाला म्हटलं, हात काढ. माझ्या शहरात असा एकही रस्ता नाही, जिथे मी एकटी स्वतःच्या हाताने चाकं फिरवत जाऊ शकेन.

मुक्कामाचं दोन्हीकडे सारखंच. ‘व्हीलचेअर चालेल का?’ असं विचारलं की ‘हो हो’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा फाटकापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती ते विचारा, आणि बाथरूमच्या दाराला टेप लावून फोटो मागा. माझी खुर्ची २५ इंच रुंद आहे. २४ इंचांच्या दारासमोर कुणाचाच चांगुलपणा कामी येत नाही. माथेरानच्या जुन्या बंगल्यांचं जोतं उंच असतं, महाबळेश्वरला बरीच हॉटेलं उतारावर बांधलेली आहेत आणि खोल्या रस्त्याच्या खाली जातात. बाहेरच्या स्वच्छतागृहाच्या भरवशावर कुठेच निघू नका.

पहिलीच सहल असेल, सोबत एकच माणूस असेल किंवा खुर्ची बॅटरीची, जड असेल, तर महाबळेश्वरला जा आणि शनिवार-रविवार टाळा. जून ते सप्टेंबर दोन्ही विसरा; महाबळेश्वरला धुक्यात काही दिसत नाही, माथेरानला चिखलात चाक रुततं. दोन सोबती असतील, खुर्ची हलकी असेल आणि तुम्हाला पॉइंट बघण्यापेक्षा झाडाखालच्या रस्त्यावर नुसतं फिरायचं असेल, तर दिवाळीनंतर माथेरान. मुक्काम मुख्य रस्त्यालगतच घ्या, आणि दस्तुरी सोडण्याआधी टायरची हवा तपासा. पंप आणि पंक्चरचं सामान मी सोबतच नेते.