मुळशीत ट्राउट मासा दाखवून २६,६७८ रुपयांना गंडवलं

रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो, मागच्या सीटवर मोत्या, आमचा लॅब्रॅडॉर, आणि संध्याकाळी घरी आलो तोवर खात्यातून २६,६७८ रुपये गेले होते. लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय.

जाहिरात होती मुळशीजवळच्या ओढ्यावर फ्लाय फिशिंगची (म्हणजे खऱ्या आमिषाऐवजी हूकला बांधलेली नकली माशी, 'फ्लाय', फेकून मासे धरणं), कुत्रा सोबत चालेल. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना कळेल, कुठेही चौकशी केली की "पेट अलाउड नाही" ऐकून कान किटलेत, त्यामुळे त्या एका वाक्यावरच मी भुललो. ॲडव्हान्स ३,५०० भरले. मग कुत्र्याचं डिपॉझिट २,०००. मग परवाना १,१८० जीएसटी धरून. परवान्याची पावती मागितली तर "जागेवर देतो". आपल्याकडे बऱ्याच धरणांतली मासेमारी मत्स्य विभाग सहकारी संस्थांना ठेक्याने देतो, म्हणजे संस्थेचं नाव विचारून गावात एक फोन केला असता तरी उलगडा झाला असता. पावती आधी हातात घ्या, मगच पैसे.

आणि जाहिरातीतला तो फोटो! रात्री झोपताना अजून डोळ्यासमोर येतो. हिरव्यागार गवताळ ओढ्यात गुडघाभर पाण्यात माणूस, शेजारी कुत्रा, हातात लाल ठिपक्यांचा ब्राऊन ट्राउट. अहो, ट्राउटला थंड पाणी लागतं, तो हिमाचल, काश्मीर, फार तर निलगिरी-मुन्नारला. मी स्वतः हिमाचलात तीर्थन नदीवर पकडून सोडलाय, मला हे माहीत होतं! पाण्यावर पांढऱ्या फुलांचं गवत होतं, आपल्याकडे गच्च भरते ती जलपर्णी, जांभळ्या फुलांची. सगळं समोर होतं आणि मी मनाशी म्हटलं, फोटो नेटवरून घेतला असेल, जागा तर खरी असेल ना.

दुसरी खूण त्याहून स्पष्ट. मी जाहिरातवाल्याला फोनवर विचारलं, गवत दाट असेल तर वीड गार्डवाल्या (गवतात न अडकणाऱ्या) फ्लाय आणू का, मरळ मासा गवतातच दडून बसतो आणि साधा हूक प्रत्येक कास्टला अडकतो. शिवाय मागे मोकळी जागा किती आहे, कारण बॅककास्टला, म्हणजे फेकण्याआधी दोरी मागे नेताना, हूक मागे जातो आणि मोत्याच्या कानात घुसायला वेळ लागणार नाही. तो म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका सर, गांडूळ आम्ही देतो." फ्लाय फिशिंगला गांडूळ! तिथेच फोन ठेवायला हवा होता.

लोकेशनवर पोचलो तर नुसतं कुंपण. शेतातले एक काका म्हणाले, या महिन्यात असे तुम्ही चौथे. फोन लावला तर तो अगदी नम्रपणे, "सर धरणातून पाणी सोडलंय, कॅम्प रद्द, रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा." गाडीत मोत्या केकाटतोय, रेंज धड नाही, ऊन चढलेलं. स्कॅन केलं, स्क्रीनवर ९,९९९ चा आकडा आला, "हा प्रोसेसिंग कोड आहे, पिन टाका". टाकला. "फेल झालं सर, परत करा." परत टाकला. बँकेचे मेसेज पौडला रेंज आल्यावर पडले. मी १४ वर्षं अकाउंट्समध्ये काम करतो, यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे ऑफिसमध्ये मीच लोकांना सांगतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तिथल्या तिथे करा, घरी येऊन नाही. मी संध्याकाळी केला, तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत गेलेले. चौकीत गेलो तर म्हणे घटना मुळशीची, ग्रामीण पोलिसांकडे जा. तिकडे म्हणाले खातं शहरातलं, शहरात जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायलाच लागते, हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" अडीच तास बाकावर बसवलं! पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही आणि वर ऐकवलं, "कुत्र्याला घेऊन मासे धरायला कशाला जायचं?" हा प्रश्न गुन्हेगाराला विचारा ना! बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. मग फसवणूक झाली की बँकेला लगेच कळवा, हे कोणासाठी लिहून ठेवलंय? बँकेत जाताना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी काही बोलू नका.

काल तीच जाहिरात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवरून परत आली. फोटो तोच, लाल ठिपक्यांचा मासा, पांढरी फुलं, शेजारी कुत्रा. ॲडव्हान्स आता ४,००० केलाय.