ताड लावायचा की शिंदी? आधी बी बघा

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे बांधावर काय लावू असं विचारणारे लोक झाडाची उंची बघतात, बी कोणी बघतच नाही, आणि खरा फरक तिथंच आहे भाऊ.

ताडाच्या एका फळात साधारण तीन मोठ्या बिया, वजनदार, म्हणून फळ पडतं ते बहुतेक झाडाखालीच. पण आत रोपासाठी अन्नाचा डबा भरून दिलाय. बी रुजलं की आधी कोंब वर येत नाही, एक देठ खाली जमिनीत घुसतो आणि वाढीचा डोळा खोल नेऊन ठेवतो, मग वणवा लागो, बकरी चरो की मे महिन्याचं आपलं ऊन असो, रोप खालून परत येतं. तोटा एकच, बी वाळलं की संपलं, त्यामुळे ताजं आणि थेट जागेवरच लावायचं, पिशवीतून काढून लावायला गेलात तर मूळ तुटतं.

शिंदीचं बी खारकेच्या बीसारखंच, पण लहान. पक्षी, कोल्हे फळं खाऊन नाल्या-नाल्यानं पसरवतात, फुकट लागवड! कोरडं बी टिकतंही (तिच्याच जातकुळीतल्या खजुराचं इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यातलं दोन हजार वर्षं जुनं बी २००५ मध्ये उगवलं होतं). पण शिदोरी कमी, म्हणून पहिली दोन वर्षं ओल हवीच.

नाल्याकाठी शिंदी, कोरड्या मुरमाड बांधावर ताड, मी तर असंच करेन. नर-मादी झाडं मात्र वेगळी, फळ मादीलाच, आणि कोणतं कुठलं ते दोन्हीत फुलोरा येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे जास्तच लावा.