मखमल की चामडं? दमट हवेत हेडफोनचे पॅड बदलताना

जून लागला की माझ्या कानाच्या पाळीवर काळे बारीक कपचे चिकटलेले सापडतात. मानेवर, शर्टाच्या कॉलरवर, उशीवरही. हे हेडफोनच्या पॅडवरचं आवरण. दिसायला चामडं, पण असतं कापडावर दिलेलं पॉलियुरेथेनचं पातळ लेपन. आपल्याकडे त्याला सरसकट रेक्झिन म्हणतात आणि डब्यावर 'प्रोटीन लेदर' असं भारदस्त नाव असतं. पॉलियुरेथेनला पाण्याची वाफ सोसत नाही. ओलावा आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, मग लेप आधी चिकट होतो, नंतर भेगाळतो आणि शेवटी सुटतो. वर आपला घाम, डोक्याचं खोबरेल आणि किनाऱ्याची खारी हवा. कोरड्या गावात जे पॅड बरीच वर्षं टिकतात, ते इथे मालवणात माझ्याकडे दोन पावसाळ्यांत संपतात.

मी दशावताराच्या नाटकांचं रेकॉर्डिंग एडिट करतो. रात्रभर चाललेलं नाटक स्वच्छ करायचं म्हणजे तीन-चार दिवस हेडफोन कानावर. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स आठ वर्षं वापरतोय आणि त्यावर ही चौथी जोडी आहे. मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी तिचा बंद कपांचा, म्हणजे मागून झाकलेला, हेडफोन घेऊन आली. ती दिवसभर ऑनलाइन शिकवण्या घेते. म्हणाली, "काकानू, कान नुसते भिजान जातत. मखमलीचे घेव की चामड्याचे?" तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पॅड म्हणजे नुसती गादी नव्हे. आवाज काढणारा पडदा आणि तुमचा कान यांच्यामधली ती छोटी खोली आहे. खोलीच्या भिंती बदलल्या, उंची बदलली, दाराला फट पडली, की आवाज बदलणारच. खालचे सूर कानापर्यंत पोचायला त्या खोलीत हवेचा दाब टिकावा लागतो. फट असली की दाब निसटतो आणि बेस, म्हणजे हे खालचे सूर, जातो. वरच्या सुरांना फटीचा एवढा फरक पडत नाही. म्हणून पॅड खराब झाला की लोक म्हणतात "आवाज पातळ झाला", आणि हेडफोनच बिघडला असं समजून नवा घेतात. तो बिचारा ठणठणीत असतो.

हा फरक स्वतः ऐकायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. डाव्या कपावर एक पॅड, उजव्यावर दुसरा बसवा आणि फोनच्या सेटिंगमधून आवाज मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येईल. मी एका बाजूला रेक्झिन आणि दुसऱ्या बाजूला मखमल लावून पखवाज ऐकला. रेक्झिनच्या बाजूला डाव्या हाताची थाप, कणीक लावलेल्या पुडीची ती जड घुमणारी थाप, छातीत उतरल्यासारखी आली. मखमलीच्या बाजूला तीच थाप ऐकू येत होती, पण तिचं पोट गेलं होतं. झांज मात्र मखमलीकडे पुढे आल्यासारखी वाटली. गंमत अशी की मखमलीचं कापड खरं तर वरचे सूर थोडे शोषूनच घेतं. पण बेस उतरला की उरलेलं सगळं उजळ भासतं.

पण यावरून 'मखमल म्हणजे बेस गेला' असा नियम करू नका, कारण तो खोटा आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बंद कपांचाच आहे. त्याचे ८० आणि २५० ओहमचे (ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप) प्रकार कारखान्यातूनच राखाडी मखमली पॅड घालून येतात, तरी बेस भरपूर देतात. कारण तो आवाज मखमल धरूनच बांधलेला आहे. त्यावर चामडी पॅड चढवलेत तर ती बांधणीच बदलते. एम५०एक्सचं उलटं. तो रेक्झिनवर बांधलेला, त्यामुळे मखमल लावली की खालची बाजू ढासळते. सेनहायझरचा एचडी ६०० मूळचाच मखमली आणि उघड्या पाठीचा. त्यात हवा कपाच्या मागून खेळतेच. उकाड्यात तो सुखाचा, पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तो पाऊसच ऐकत बसावं लागतं. तेव्हा पहिला प्रश्न 'कुठलं कापड चांगलं' हा नसून 'माझा हेडफोन कुठल्या कापडावर बांधला होता' हा आहे.

आता आरामाकडे येतो, कारण इथे खरा निर्णय तिथेच होतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंखा थांबला, की रेक्झिनच्या आत अर्ध्या तासात कान शिजतो. घाम जिरायला जागाच नसते, पॅड कातडीला चिकटतो आणि काढताना चर्र असा आवाज येतो. मखमलीत तसं होत नाही. ती घाम पिते, कान कोरडा वाटतो, तीन तास सहज जातात. पण पिलेला घाम जातो कुठे? जुलैत तो तसाच आत राहतो. पंधरा दिवसांत पॅडला ओल्या टॉवेलचा वास येतो. मखमली पॅड काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने हलक्या हाताने धुता येतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मात्र पावसाळ्यात आतला फोम सुकायला मला पंख्याखाली दोन पूर्ण दिवस लागले. पिळायचं अजिबात नाही, फोम आडवातिडवा होतो. म्हणून मखमल घ्यायची तर एकदम दोन जोड्या घ्या, एक कानावर आणि एक वाळत.

मेंढीच्या खऱ्या चामड्याचे पॅड हाताला सगळ्यांत मऊ. रेक्झिनसारखा लेप सुटायची भानगड कमी, कानाभोवती बसतात घट्ट, आणि बेस पूर्ण देतात. मी मोहाने एक जोडी घेतली होती. ऑगस्टमध्ये चार दिवस कणकवलीला गेलो, परत येऊन बघतो तर पॅडवर पांढुरकी बुरशी. कपाटातल्या चपलांवर येते तीच. पुसली, पण डाग राहिला. पुण्यात राहणाऱ्या माणसाला मी हेच पॅड डोळे मिटून सुचवीन. इथे मात्र जो रोज वापरेल, रोज कोरड्या फडक्याने पुसेल आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवेल, त्यानेच घ्यावेत.

मधला मार्ग म्हणजे मिश्र पॅड: बाहेरून आणि आतून चामडं किंवा रेक्झिन, आणि कातडीला टेकणारा भाग तेवढा जाळीदार कापडाचा. बेस थोडा उतरतो, मखमलीइतका नाही. कान चिकटत नाही. चष्मेवाल्यांना हा प्रकार जास्त मानवतो. चष्म्याची दांडी पॅडखालून जाते, तिथे कडक रेक्झिनला फट पडते आणि मऊ कापड दांडीभोवती वळतं. तपासायला सोपं आहे: गाणं चालू असताना दोन्ही तळव्यांनी कप अलगद दाबा. दाबल्यावर बेस वाढला, तर पॅड नीट बसत नाही.

जाडीचा मोह मात्र आवरा. बाजारात 'जास्त जाड, जास्त आरामदायी' असे पॅड सर्रास मिळतात. कानाला जागा मिळते हे खरं, ज्यांचे कान आतल्या कापडाला घासून दुखतात त्यांना तर आशीर्वादच. पण पडदा कानापासून लांब जातो, खोली मोठी होते, आणि गाणं दोन पावलं मागे सरकल्यासारखं होतं. ऐकायला काहींना तो मोकळेपणा आवडतो. मला मात्र नटाच्या संवादातला श्वास नीट कळेना, म्हणून मी आठवड्यात काढून टाकले.

बाहेरचा आवाज मारणारा (नॉइज कॅन्सलिंग) हेडफोन असेल तर प्रयोग करू नका. अशा बऱ्याच हेडफोनांत कपाच्या आतला माइक कानाजवळचा आवाज मोजत असतो, आणि सगळा हिशोब मूळ पॅडवर बसवलेला असतो. पॅड सैल बसला की आवाज मारण्याची ताकदही घटते. त्याला कंपनीचेच किंवा हुबेहूब त्याच मापाचे पॅड.

एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'सगळ्यांना बसणारे' म्हणून जे पॅड पाठवले, त्यांची मागची घडी इतकी आखूड होती की कपाच्या कडेच्या खोबणीत शिरेचना. तेव्हापासून मी जुना पॅड काढून पट्टीने लांबी, रुंदी, जाडी आणि आतल्या भोकाचं माप घेतल्याशिवाय मागवत नाही. बसवताना घडी खोबणीत ढकलायला जुनं एटीएम कार्ड उत्तम. जुन्या पॅडखाली पातळ कापड किंवा फोमची चकती असेल तर ती फेकू नका, तीही आवाजाचाच भाग आहे. आणि रेक्झिनला सॅनिटायझर लावू नका, ओलसर फडकं आणि लगेच कोरडं, एवढंच.

माझ्यापुरतं सांगायचं तर एम५०एक्सवर मी परत मूळ रेक्झिनवरच आलो. नाटकाचा आवाज दुसऱ्यांसाठी बसवायचा असतो, तिथे बेस खरा कळलाच पाहिजे. दर दोन वर्षांनी पॅडचा खर्च मी धरूनच चालतो, तबल्याची शाई गेली की पुडी बदलतात तसा. इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करायच्या सेटिंगने, मखमलीचा बेस भरून काढता येतो असं म्हणतात. येतो थोडा, पण हेडफोन रोज वेगळा बसतो, फट रोज वेगळी, मग भरपाई किती करणार?

शेजारच्या मुलीला चष्मा आहे, संगीत तिचं काम नाही, आणि तिला मुलांचे आवाज स्पष्ट ऐकू यायला हवेत. तिला मिश्र पॅड घ्यायला सांगितले. परवा बसवून दिले. संध्याकाळी शिकवणी संपवून ती कुंपणाशी आली ती कानामागे हात फिरवतच, "काकानू, सुके आसत!"